डोळ्याला पोट नसतं

ओदेमिश
९ मार्च १९८७

चि. शहाप यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे कालपर्यंत होतं. काल तुझ्या मालकाची बायको माहेरी आली आणि तिनं भर हमामात सांगितलं, की तू इजलालच्या घरी मागणी घालायला गेलास आणि कॉफीचा पहिलाच घोट तिच्या आईच्या गालिच्यावर थुंकलास! माझ्या डोक्यावर गरम पाणी पडत होतं, तरी मी गार झाले.

अरे बाबा, मागणीच्या कॉफीत मुलगी मीठ घालणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मुलानं तोंड वाकडं न करता प्यायचं, म्हणजे पुढे तिचं सगळं सोसेल अशी खात्री पटते. तुझ्या आतोबांच्या कपात मी मिठाबरोबर तिखटही घातलं होतं. त्यांनी मिशा पुसल्या आणि दुसरा कप मागितला. आणि तू? मुलीचे वडील म्हणे त्याला नकारच समजतात.

तुझं तोंड सारखं येतं, असं हिवाळ्यात लिहिलं होतंस. अशक्तपणा, दुसरं काय! आईवेगळं पोर, परगावी दिवसभर रजया शिवत बसणार, वेळेवर जेवणार नाही. द्राक्षाची काकवी आणि कलौंजी घातलेला मध पाठवते. रोज सकाळी चमचाभर घे. अंगात ताकद आली की तोंड आपोआप ताळ्यावर येईल.

माझा लोभ हवा असेल तर खुलासा ताबडतोब यावा.

तुझी आत्या,
मुवेद्दत


इस्तंबूल
२१ मार्च १९८७

ती. आत्यास, हातांचं चुंबन घेऊन. वि. वि.

थुंकलो हे खरं आहे. पण त्या दिवशी तोंड फोडांनी भरलं होतं. मीठ लागलं आणि दिवसाढवळ्या तारे दिसले.

दुसऱ्या दिवशी इजलाल, मागणीला नेलेली आमची चॉकलेटची पेटी परत करायला दुकानात आली. पेटी ठेवली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, लग्नाचं राहू दे, आधी तोंड उघड. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे तोंडावरून नजर लगेच डोळ्यावर गेली. डावा डोळा लाल झाला होता आणि त्यानं धुरकट दिसत होतं. कापूस पिंजताना काहीतरी गेलं असेल, असं मी सांगितलं. मग तिनं हात पुढे करायला लावले.

आत्या, हे तुलाही सांगितलं नव्हतं. मला सुई टोचली की एक-दोन दिवसांत तिथे पुवाची पुळी येते. रजईवाल्याच्या बोटाला सुई लागलेली दिसली की आमच्या गल्लीत त्याला कच्चं मडकं म्हणतात, म्हणून मी हात खिशात घालून हिंडत होतो.

तिनं मला ओढतच इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी स्वच्छ सुई हाताला टोचली आणि परवा या म्हणाले. मी म्हटलं, हे तर मी रोज फुकट करतो. परवा पाहतो तर तिथे पुळी! डॉक्टर खूश, मी रडकुंडीला. या आजाराला बेहचेत म्हणतात. आपल्याच एका डॉक्टरांचं नाव आहे ते. जरा खरचटलं की शरीरातल्या राखणदार पेशी धावून येतात, जागा लाल होते, सुजते. हे सगळ्यांचंच होतं, आणि काम झालं की त्या परत जातात. माझ्या जात नाहीत. शत्रू नसला तरी आपल्याच रक्तवाहिन्यांवर हात चालवतात. तोंडातली जखम भरून येते, पण डोळ्याच्या आतलं नुकसान भरून येत नाही. डाव्या डोळ्यातली सूज वेळेत उतरली नाही तर नजर जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गोळ्या दिल्या आहेत, आणि जागं असेपर्यंत दर दोन तासांनी डोळ्यात थेंब घालायचे.

तुझ्या मधाचं विचारलं तर हसले. म्हणाले, ताकद कमी पडलेली नाही, उतू चालली आहे, तिला आवरायचंय.

तुझी माया अशीच राहू दे, आता जरा जास्तच लागेल.

तुझा,
शहाप


ओदेमिश
३ एप्रिल १९८७

चि. शहाप यास उदंड आयुष्य. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा डोकं चालवलं.

मला समजलं ते असं. लग्नघरी शेजारणी मदतीला येतात. पातेली घासतात, द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी जातात. तुझ्याकडच्या जातच नाहीत. काम संपलं तर भांडी आपटत बसतात. आणि डोळा म्हणजे बाळंतिणीची खोली. चाळीस दिवस तिथे सख्ख्या मावशीनंही दारातूनच हळू बोलायचं. अशा खोलीत हा घोळका शिरला, तर काय होणार? बरोबर आहे का, ते डॉक्टरांना विचार. चूक असेल तर कळवू नकोस, मी सगळ्या आळीला सांगून बसलेय.

मध कुणाला तरी देऊन टाक. त्या मुलीसाठी सुके अंजीर पाठवते. तिनं ती पेटी परत नेली की ठेवली, हे मात्र तू शिताफीनं गाळलंस!

थेंब चुकवू नकोस. डोळ्यांचे मुके घेते.

आत्या


इस्तंबूल
११ मे १९८७

ती. मुवेद्दत आत्यांस, सादर हस्तचुंबन. वि. वि.

आपली भेट नाही, तरी धिटाईनं लिहिते. अंजीर मिळाले. चॉकलेटं आम्ही दोघांनी दुकानातच संपवली, पण बाबा अजून फुगून आहेत.

लिहिण्याचं कारण वेगळं. एप्रिलभर शहापचा डोळा छान निवळला होता. रमजान लागला आणि यानं दिवसाचे थेंब बंद केले. थेंबाची कडू चव घशात उतरते, म्हणजे रोजा मोडतो, असं त्याचं म्हणणं. दुपारच्या गोळ्याही बंद. डोळा पुन्हा लाल झाला आहे. काल मी त्याचा उजवा डोळा झाकला आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली, तर त्याला पाटीच दिसेना. आणखी काही दिवस असंच चाललं तर हा डोळा गेला समजा, असं डॉक्टर म्हणाले.

मी भांडून दमले. तो म्हणतो, आत्याच्या घरी तापातसुद्धा रोजा सोडला नाही, आता तिला काय तोंड दाखवू? तो ऐकेल तर तुमचंच.

आशीर्वाद मागून घेते, कारण अजून हक्कानं मागता येत नाही.

इजलाल


ओदेमिश
१४ मे १९८७

शहाप,

आज आशीर्वाद नाहीत, ते डोळा वाचल्यावर मिळतील. हे पत्र टपालानं रेंगाळेल म्हणून इस्तंबूलच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय.

आपल्या इमामांना विचारून आले. ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, डोळ्याला पोट नसतं. थेंबानं रोजा मोडत नाही. गोळ्यांचं म्हणशील, तर आजाऱ्याला सूट आहे, आणि ती त्यानंच दिली आहे ज्यानं रोजा सांगितला. तेव्हा तू यंदा रोजे धरायचे नाहीत. तुझ्या वाटच्या प्रत्येक रोज्यापोटी मी इथे एका गरिबाला जेवू घालतेय. सध्या तो हमाल बिलाल येतो, पोटभर जेवतो आणि सूप पातळ होतं म्हणून सांगून जातो.

आणि तू आत्याला भिऊन रोजे धरत असशील, तर ते वर पोचतच नाहीत, माझ्यापाशीच अडकतात. मला नकोत.

ड्रायव्हरसमोर थेंब घाल. तो बघून येणार आहे.

मुवेद्दत


इस्तंबूल
१ जून १९८७

ती. आत्यास, दोन्ही हातांचं चुंबन आणि ईदच्या शुभेच्छा. वि. वि.

ड्रायव्हर भला माणूस. थेंब घातल्याशिवाय चहासुद्धा घेईना. त्या दिवसापासून एकही वेळ चुकवली नाही, आणि सूज उतरत गेली.

ईदच्या सकाळी इजलालच्या वडिलांच्या हाताचं चुंबन घ्यायला गेलो. त्यांनी हात पुढे केला, म्हणजे गालिचा माफ. पण डोळ्याचं काय, ते डॉक्टरांच्याच तोंडून ऐकणार म्हणाले, आणि काल आमच्याबरोबर इस्पितळात आले.

डॉक्टरांनी अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं. उजव्या डोळ्यानं सगळं वाचलं. डाव्यानं एकेक ओळ उतरत शेवटून दुसरीपर्यंत पोचलो. शेवटच्या ओळीत नुसत्या मुंग्या. डॉक्टर म्हणाले, गेलं ते एवढंच, ते परत येणार नाही. बाकीचं औषधं सांभाळलीस तर राहील, पण लेखी हमी मागू नकोस.

बाहेर आल्यावर वडिलांनी मुलीला बाजूला घेतलं, पण त्यांचा आवाज कुठला हळू होतोय! अशा डोळ्याच्या माणसाबरोबर जन्म काढशील का, असं त्यांनी विचारलं. इजलाल म्हणाली, बाबा, माझा चेहरा काही त्या शेवटच्या ओळीएवढा बारीक नाही.

घराशी आल्यावर त्यांनी मला विचारलं, ओदेमिशची बस इथे किती वाजता पोचते?

तेव्हा आत्या, मागणी घालायला निघ. राहिलेले आशीर्वाद बरोबर आण.

तुझा,
शहाप