रविवारची डाकीण

प्रिय चेतना,

तुझे मेसेज पाहिले. जे सांगायचंय ते फोनवर लिहिताना दर वेळी अर्ध्यावरच पुसून टाकलं, म्हणून शेवटी कागद घेतला. पत्र भूपेंद्रकडे देतेय. तुझा भाऊ असला तरी तो उघडून वाचणार नाही, एवढा मी त्याला ओळखते.

तू लिहिलंयस, रविवारी सगळे जमताहेत, डाकीण मेलीच नव्हती, ती परत येतेय, आणि माझ्या तलवारवालीशिवाय डाव अडलाय. मला होळीआधीचा तो रविवार नीट आठवतो. गोष्ट तू सांगायचीस, आम्ही त्यातली माणसं व्हायचो, कोण जगलं कोण मेलं ते फासा ठरवायचा, आणि राक्षस निवडायचं काम तुझं. पुस्तकातल्या शिंगांच्या, तीन तोंडांच्या राक्षसांना आता कुणी भीत नाही, ही तुझी तक्रार होती. भरत तर ड्रॅगन आला की आधी त्याच्या खजिन्याची चौकशी करायचा. तू म्हणालीस, घाबरवणारा राक्षस लांबून येत नाही, तो ओळखीच्या वाटेवर राहतो. तुमच्या गावात लोक कशाला भितात ते सांगा, मी तेच आणते. तळोद्याच्या भरतने डाकिणीचं नाव घेतलं. तू माझ्याकडे पाहिलंस, मी तोरणमाळच्या बाजूची म्हणून. मी मान हलवली.

तू ती फार चांगली उभी केलीस. पंखा बंद केलास, आवाज खाली आणलास. गावाबाहेरचं एकटं घर, छपराला टांगलेल्या मुळ्या, अंगणात एकही कोंबडी नाही, आत केस सोडून बसलेली म्हातारी, जिची नजर पडली की पाळण्यातलं मूल वाळत जातं. भूपेंद्रने पाय वर घेतले होते. माझ्या हातून वीस बाजूंचा फासा पडला, वीसच आले आणि माझ्या तलवारवालीने एका घावात डाकीण मारली. टाळ्या झाल्या. खाली उतरले तर तुझी आई म्हणाली, "बेटा, जेवण करीसन जाय." मी पोटभर जेवले.

मग होळीला घरी गेले. आमच्याकडे बाबांच्या बहिणीला फुई म्हणतात. माझी तुळशी फुई नवरा वारल्यावर माहेरी परतली, तिला मूलबाळ नव्हतं. आजोबांनी नाल्याकाठचा जमिनीचा तुकडा तिच्या नावावर केला. त्या तुकड्याबद्दल घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. आईबाबा ऊसतोडीला गुजरातेत जायचे तेव्हा मला तिनेच सांभाळलं. माझ्या उवा काढता काढता ती आमच्या पावरी बोलीत गाणी म्हणायची, अर्धी स्वतःच रचलेली.

होळीच्या तोंडावर शेजारच्या सुकलालचं बाळ तापाने गेलं होतं. बडव्याने, म्हणजे आमच्याकडच्या भगताने, दाणे टाकून पाहिले आणि डाकीण म्हणून फुईचं नाव काढलं. मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लोक तिच्या दारात आले. चेतना, आरडाओरडा काही नव्हता. मला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा ज्यांच्या घरी आईने गूळ वाटला होता, तीच सगळी माणसं. सगळ्यांत पुढे बाबा. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, बाळाला न्यूमोनिया होता, दवाखान्याचा कागद मी पाहिलाय. बाबा हळूच म्हणाले, "रवी, बाजूला हो." बैल बांधताना मी मध्ये आले की म्हणतात, त्याच आवाजात. मी हलले नाही. मग त्यांनी मला दंडाला धरून ओढलं आणि अंगणाच्या कडेला नेऊन दोघांच्या हाती दिलं. पहिली काठी त्यांचीच.

फुई किंचाळली नाही. ती फक्त "वीरसिंग, वीरसिंग" म्हणत राहिली, भावाला झोपेतून उठवतात तशी. नंतर बाबांनी पाय धुतले आणि ते बैलांना पाणी पाजायला गेले. एकट्या उदेसिंगकाकांनी जीप काढली, म्हणून ती जिवंत आहे. डावा डोळा गेला. मनगट वाकडंच जुळलंय.

फिर्याद मी दिली. पहिलं नाव बाबांचं सांगितलं. लिहून घेणाऱ्याने पेन थांबवून विचारलं, "वडील ना तुझे?" मी हो म्हटलं. तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. तरी बाबांना मी राक्षस म्हणू शकत नाही गं. लहानपणी मला साप चावला तेव्हा हाच माणूस मला पाठीवर घेऊन अख्खा घाट धावत उतरला होता. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एका माणसात मला बसवता येत नाही.

हॉस्टेलवर तिला ठेवू देत नाहीत, म्हणून शहाद्यातच एसटी स्टँडमागे खोली घेतलीय. घरमालकिणीचं पोर दारात आलं की फुई तोंड भिंतीकडे करून बसते. परवा भाकरी वाढताना तिने मला विचारलं, "रवी, मीच असेन का गं? मला कळत नसेल, पण असेन का?" मी नाही म्हटलं. तिला ते पटल्यासारखं दिसलं नाही.

तुला दोष द्यायला हे लिहिलेलं नाही. डावात डाकीण ठेव, नाहीतर काढ, त्यासाठी मी एवढा कागद भरला नसता. बाबांना जामीन मिळालाय. सोमवारी सुटतील. माझ्या खोलीचा पत्ता आईला माहीत आहे. नंदुरबारला बायकांच्या आधारगृहात जागा मिळेपर्यंत फुईला तुमच्या घरी ठेवून घेशील का? तुझ्या वहिनीचं बाळ अजून पाळण्यात आहे, म्हणून हो म्हणायच्या आधी घरात सगळ्यांना सांग, तिला गावात काय म्हणतात ते. लपवून मला तिला आणायचं नाही. वहिनी नको म्हणाल्या तर तसं कळव, मी दुसरं काही बघेन. आणि हो म्हणाल्या, तर बाळ एकदा तिच्या मांडीवर ठेवा. ती हात मागे घेईल. तरी ठेवा.

उत्तराची वाट बघतेय.

तुझीच,
रविना