शेगडीचं चौथं बटण

आल्पागो,
रविवार, ९ मार्च

प्रिय पपा,

मिरेल्लावहिनीकडून कळलं की तुमचा खोकला गेला, भूक चांगली आहे, आणि रोज सकाळी धक्क्यावर जाऊन तुम्ही कोळ्यांना जाळं कसं वाळवावं ते शिकवता. तळ्यापलीकडचं पाणी जन्मात न पाहिलेल्या माणसाने! इथे सगळं ठीक आहे. बर्फ आता उत्तरेच्या भिंतीशी तेवढं उरलंय. शेजारच्या जेम्माकाकूंच्या कोंबड्या पुन्हा अंडी घालायला लागल्या. परवा काकू सहा अंडी देऊन गेल्या, आणि माझी कॉफी कशी पाणचट होते तेही सांगून गेल्या. जाताना म्हणाल्या, "अँपेलियोला सांग, समुद्राकाठी जास्त दिवस राहिलं की माणूस खारवलेल्या माशासारखा होतो. मग त्याला भिजत घालावं लागतं."

फोनवर तुम्ही "हो, हो, बरं" म्हणता आणि लगेच फोन मिरेल्लाच्या हातात देता. म्हणून पत्र. दुसरं कारण इव्हानोने सांगितलं. चिओज्जाच्या घरातली मागची खोली तो तुम्हाला कायमची द्यायला तयार आहे, ईस्टरपर्यंत ठरवा असं त्याने म्हटलं, आणि तुम्ही उत्तर दिलंत, "नीवेस काय म्हणते ते बघू." नीवेसने काय म्हणावं याचा नीवेस चार दिवस विचार करते आहे. तीन कागद फाडून झाले.

शेगडीचं आधी सांगून टाकते, म्हणजे मग ती मधेमधे येणार नाही.

मंगळवारी शेगडीवाला देनिस येऊन गेला. राख काढली, धुराचा नळ झाडला, काच पुसली. ज्या किर्रर्र आवाजाला तुम्ही उंदीर म्हणत होतात, तो खरोखरच त्या मळसूत्री दांड्याचा होता, जळणाच्या, लाकडाच्या भुशाच्या कांड्या पुढे ढकलणाऱ्या. आता उंदीर जवळजवळ मेला आहे. बाकीचे आवाज तसेच. सकाळी सहाला आतलं घड्याळ तिला उठवतं. आधी एक टक्. मग रिकाम्या लोखंडी वाटीत कांड्या पडतात, पत्र्यावर पहिल्या चारदोन गारा पडाव्यात तशा. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मला दर वेळी वाटतं की आज काही पेटत नाही. मग भस्सकन जाळ, आणि पाच मिनिटांनी ऊब घरभर ढकलणारा पंखा. पंखा सुरू झाला की तो दिवसभर. तुम्ही म्हणायचात, "कारखाना सोडून वीस वर्षं झाली, तर पोरीने कारखानाच घरात आणून बसवला." आणि तिला "ती बाई" म्हणायचात. "त्या बाईला विचार, श्वास कधी घेते."

तुम्ही गेल्यावर पहिल्या आठवड्यात मला तिचा आवाज खूप मोठा वाटला. मग कधी ऐकू येईनाशी झाली ते कळलं नाही. आता ती थांबली तरच लक्षात येतं.

पपा, मी या घरात मजेत आहे. हे लिहायला मला लाज वाटते आहे, तरी तसंच ठेवते. गेले दोन महिने मी या स्वयंपाकघरात जितकी मजेत राहिले, तितकी आधी कधी राहिल्याचं आठवत नाही. याचं कारण तुम्ही इथे नव्हतात हे असेल का, असं मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं. तसं वाटत नाही. पण त्याच्या फार जवळचं काहीतरी आहे, आणि ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

एका संध्याकाळी पातेल्याचं जड झाकण माझ्या हातून फरशीवर पडलं. गोल गोल फिरत राहिलं. मी नेहमीसारखी खांदे आखडून उभी राहिले नाही. पंखा घरघरत होता, त्यात झाकणाचं काय एवढं! मी ते उचललं आणि मोठ्याने एक शिवी दिली. मग हसले. मग गायला लागले, तुम्हाला आवडत नाही ते, जत्रेतलं. वय वर्षं सेहेचाळीस, पदवी साहित्याची, नोकरी ग्रंथालयात, म्हणजे लोकांना गप्प बसवण्याची, आणि आपला आवाज एवढा मोठा निघतो हे मला तेव्हा कळलं.

तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे. तुमची कारखान्यात अठरा वर्षं रात्रपाळी होती. चष्म्याच्या काड्यांना मुलामा द्यायचं ते खातं. सकाळी सातला तुम्ही यायचात, अंगाला आंबूस वास, आणि दोनपर्यंत झोपायचात. तोपर्यंत घरात आईचं बोट ओठांवर. चिंध्या शिवून केलेल्या सपाता माझ्या आणि इव्हानोच्या पायात, उन्हाळ्यातसुद्धा. सूप पिताना चमचा ताटलीला लागू द्यायचा नाही. मार्टिन संताच्या दिवशी गावची पोरं भांडी बडवत दारोदार फिरायची, तर आई त्यांना कोपऱ्यावरच गाठून बिस्किटं द्यायची, आमच्या दारी बडवू नका म्हणून. मी खिडकीतून बघायचे. इव्हानो म्हणायचा, "आपल्याला लाच देऊन शांतता मिळते."

हे तुमच्याविरुद्ध लिहीत नाही. तुम्ही आमच्यासाठी जागत होतात. पण लिहायचं होतं.

सोमवार, संध्याकाळ

काल इथवर लिहून थांबले. पुढचं अवघड आहे.

आठ डिसेंबरला, सणाच्या जेवणाला, मी मक्याच्या पिठाचा पोलेंता केला होता आणि मशरूम. आपण दोघंच होतो. शेगडी चालू होती. मी बरेच दिवस ठरवून एक वाक्य तयार केलं होतं. डायरीत दोनदा लिहून पाहिलं होतं. ते मी तुम्हाला म्हटलं: "पपा, लहानपणी या घरात मी कधी मोठ्याने हसले नाही. मला तुमची भीती वाटत नव्हती, तुमच्या झोपेची वाटायची." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, घास चावलात आणि म्हणालात, "हो. मीठ जरा कमीच आहे."

मी मीठ आणून दिलं. त्या रात्री डायरीत लिहिलं: सांगितलं. त्यांनी टाळलं. बास.

त्यानंतर महिनाभर मी तुमच्याशी चांगली वागले. तुम्हाला जाणवलं असेल, कारण मी चिडले असले की फार चांगली वागते. आणि तुम्ही त्या बाईला शिव्या दिल्यात की मला आतून बरं वाटायचं. जानेवारीत थ्री किंग्जचा सण झाल्यावर इव्हानो न्यायला आला तेव्हा तुम्ही म्हणालात, "पंधरा दिवस जातो, डोकं शांत करून येतो," आणि मी "राहू दे ना" असं एकदाही म्हटलं नाही.

गुरुवारी इव्हानोचा फोन आला. म्हणाला, "पपांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. उजवा जवळजवळ गेलाय. डावा निम्मा."

"कधीपासून?" मी विचारलं.

"डॉक्टरांनीही तेच विचारलं. पपा म्हणाले, दीड-दोन वर्षं झाली. शांत असेल तर समजतं, म्हणाले. घरी ती बाई सुरू झाली की पोरीचं नुसतं तोंड हललेलं दिसतं, मग अंदाजाने काहीतरी बोलतो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुला ठाऊक नव्हतं?"

"नाही."

"एकाच टेबलाला जेवत होतात ना गं?"

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं होतं. म्हणूनच जास्त लागलं.

आता ते, ज्यासाठी तीन कागद फाडले. शेगडीला चार बटणं आहेत. तीन तुम्हाला माहीत आहेत. चौथं पंखा बंद करायचं. अकरा नोव्हेंबरला शेगडी बसवली त्याच दिवशी, तुम्ही तळघरात जुन्या चुलीचे नळ ठेवायला गेला होतात तेव्हा, देनिसने मला दाखवलं. "बाई, हे दाबलंत की पंखा गप्प. ऊब येत राहते. फक्त लांबच्या खोल्या जरा गार पडतात." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही त्या आवाजाला शिव्या घालत होतात आणि मी म्हणत होते, "पपा, यंत्रच तसं आहे."

मी आज डायरी काढून पाहिली. "बटणाचं उद्या सांगेन" हे वाक्य नऊ वेळा आहे. आठ डिसेंबरनंतर एकदाही नाही. सुरुवातीला मी स्वतःला सांगत होते की तुमची खोली लांब आहे, पंखा बंद केला तर तुम्हाला थंडी वाजेल. हे खोटं होतं. तुम्ही जानेवारीतही खिडकी उघडी टाकून झोपता. खरं कारण एवढंच की मला एक हिवाळा आवाज हवा होता. आधी माझ्यासाठी. मग, मीठ मागितल्यानंतर, थोडा तुमच्या नाकावर टिच्चून.

तुम्ही टाळलं नव्हतंत. तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं. आणि मी अशा माणसावर रागावले होते, ज्याला ऐकू येऊ नये याची व्यवस्था मीच केली होती.

क्षमा मागते. सविस्तर मागता येत नाही, तुम्हाला ते आवडत नाही.

आज ग्रंथालयातून आल्यावर मी ते बटण पहिल्यांदा दाबलं. पंखा हळूहळू थांबला. कांड्यांची टपटप राहिली, आणि भिंतीपलीकडे जेम्माकाकूंची फोनवर कोणाला तरी सूपची कृती सांगण्याची धडपड: "कांदा आधी! आधी म्हणते मी!" मला ते फारसं आवडलं नाही, पपा. खांदे आपोआप वर आले. अर्धा तास तशीच बसले, मग पुन्हा पंखा लावला आणि हे लिहायला घेतलं. मला शांतता आवडायला लागली असं मी तुम्हाला कळवणार नाही, कारण ते खरं नाही.

म्हणून नीवेस जे म्हणते ते असं. तुम्ही घरी या. इव्हानोची खोली चांगली आहे, ऊन येतं, हे मला माहीत आहे. तिथेच बरं वाटत असेल तर राहा, मी रागावून चांगली वागणार नाही. पण मला तुम्ही इथे हवे आहात. तुम्ही स्वयंपाकघरात असाल तेवढा वेळ पंखा बंद राहील. जेवताना तर लागणारच नाही. मी तुमच्या डावीकडे बसेन. कानात यंत्र घालायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि रोज चार ते सहा तुम्ही पत्ते खेळायला जाता, तो वेळ माझा. तेव्हा ती बाई आणि मी काय वाटेल ते करू. डाव लवकर हरलात तरी सहाच्या आत घरी येऊ नका. आलातच, तर दारात उभे राहून ऐका, आणि गाण्यात काय कमी आहे ते सांगू नका.

शनिवारी सकाळच्या बसने मी चिओज्जाला येते आहे. तुम्हाला न्यायला, नाहीतर नुसती भेटायला. धक्क्यावर शोधीन. तिथे वारा असेल, म्हणून आधीच कागदावर लिहून ठेवते, म्हणजे या वेळी अंदाज करावा लागणार नाही: लहानपणी या घरात मी कधी मोठ्याने हसले नाही. आता हसते. तुमच्यासमोर हसायचं राहिलंय.

तुमची मुलगी,
नीवेस