चौकातला चांगला आकडा

आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर होतं. बाबांची धाप कशी आहे?

इथली हवा चांगली आहे असं मी कळवलं होतं, ते चौकातल्या फलकावरचा आकडा बघून. पण खिडकीची चौकट सकाळी पुसली तरी संध्याकाळी बोट काळं होतं. ते मला खटकत होतं.

काल हवा मोजायच्या यंत्रापाशी पाण्याचा टँकर दिसला. टँकरवाला यंत्राभोवती बारीक फवारा मारत होता. फवाऱ्याने धूळ खाली बसते, यंत्राला हवा स्वच्छ वाटते आणि फलकावर चांगला आकडा येतो.

"दादा, बाकीच्या रस्त्यांवर नाही मारत?" मी विचारलं.

"इथंच मारायला सांगितलंय," तो नजर चुकवत म्हणाला.

घरमालकीणबाई म्हणतात, मी उगाच शंका काढते. बोलताना त्या दोनदा खोकल्या.

तू बाबांना हवापालटासाठी इकडे पाठवणार होतीस. मी खाटसुद्धा आणून ठेवली होती. तिकीट काढलं असशील तर रद्द कर. रजा मिळाली की मीच येते.

खरं कारण मात्र त्यांना सांगू नकोस. मी याच हवेत राहते हे मनात आलं, की त्यांना झोप लागायची नाही.

तुझी,
धाकटी