हाक नसलेला सीन

१२ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझ्या सिनेमाच्या शनिवारच्या समारंभाची दोन कार्डं मिळाली, सोबत तुझी चिठ्ठीही. आईला चांगले कपडे घालून आण, स्टेजवर बाबांच्या शेजारी बसवायचंय, फोटोवाले येणार आहेत, असं लिहिलंयस.

इकडे सगळं ठीक. आई अजून बाइंडिंगच्या कारखान्यात जाते. पुरे म्हटलं की म्हणते, "घरी बसून काय भिंतींना पुठ्ठे चिकटवू?" जिन्यातला दिवा एकदाचा दुरुस्त झाला. माझं हॉस्पिटलातलं काम नेहमीचंच, दिवसभर माइकवरून पेशंटची नावं पुकारायची आणि घरी येऊन घसा शेकायचा. सिनेमा कसा वाटला असं तू फोनवर दोनतीनदा विचारलंस आणि दर वेळी मी विषय बदलला. फोनवर मला तुझ्याशी नीट भांडता येत नाही, तू मध्येच हसवतोस. म्हणून पत्र लिहायला बसले.

मागच्या वर्षी तू आलास, ओट्यावर चढून बसलास आणि म्हणालास, "ताई, आईवर सिनेमा लिहितोय." आई पातेलं घासत होती. "माझ्यावर काय लिहिणार? खळ आणि पुठ्ठा," म्हणाली. पण खुलली होती. मग तू विचारत गेलास आणि ती सांगत गेली. तुला सायकल शिकवायची म्हणून आधी स्वतः शिकायला गेली आणि पुढचा दात पाडून आली, ते सांगितलं. सकाळच्या घाईत, घरी आणलेलं पुठ्ठे चिकटवायचं काम मध्येच टाकून माझी वेणी घालताना बोटांवरची खळ केसांत वाळायची, तेही. तुझ्या परीक्षेला ती शाळेच्या फाटकाबाहेर दिवसभर उभी राहिली आणि मुकादमाने त्याबद्दल तिला आठवडाभर उभ्यानेच कागदांच्या घड्या घालायला लावल्या, हे तर मलाही नवीन होतं. तू मान हलवत ऐकत होतास.

पुढे तुझा फोन आला. नायिकेचा घसा बसलाय, तिचा आवाज तुझ्यासारखाच आहे, शेवटचा एक सीन बोलून दे. मी रजा टाकून आले. त्या बंद खोलीत मला पडद्यावर फक्त त्या मुलीचा चेहरा दाखवला, पुन्हा पुन्हा तोच. समोर कोण उभं आहे ते चित्रात नाही, आवाजात नाही. तिथे तसंच असतं म्हणे, ज्याचं वाक्य त्यालाच दाखवतात. आणि वाक्यं ही: "तुझ्या बोटांची खळ माझ्या वेणीत वाळायची. शाळेत पोरी हसायच्या. मला लाज वाटायची, तरी घरी सांगितलं नाही. आज मला तेच हात हवेत." खळ म्हटल्यावर मी दुसऱ्या कुणाचा विचार कशाला करीन? मी रडले, तुझ्या रेकॉर्डिंगवाल्याने स्वतःचा रुमाल दिला. आणि मी तुला विचारलंही होतं, "यात हाक कुठेय रे? 'आई' म्हणू का?" काचेपलीकडून तू म्हणालास, "नको, हाक आधीच्या सीनमध्ये होऊन गेलीय."

तेव्हा तू खाली बघत होतास. मला वाटलं, कागद वाचतोयस.

सिनेमा बघायला आम्ही दोघी गेलो. सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही तोच सिनेमातली आई भिंतीवरच्या फोटोत गेली, बाळंतपणात वारलेली. आपली आई माझ्या कानाशी म्हणाली, "लवकरच आटोपलं की माझं." मी हसले. पुढे काहीतरी असेल असं वाटलं. पुढे एक बाप होता. बाइंडिंगच्या कारखान्यात काम करणारा. तो सायकलवरून पडला, त्याने दात पाडून घेतला, तो फाटकाबाहेर उभा राहिला. मागच्या रांगेत कोणीतरी नाक ओढत म्हणालं, "बाप असावा तर असा." आईने तोंडावर हात धरला होता. पडलेल्या दाताच्या खाचेवरून तिची जीभ फिरत असते ना, तशी फिरत असणार.

आईचा बाप का केलास, एवढंच मी एकदा फोनवर विचारलं, तेव्हा तू काय म्हणालास ते मला पाठ आहे. "आईने वेणी घातली तर त्यात सांगण्यासारखं काय, ताई? बापाने घातली की हॉल रडतो." खरं असेल. धंदा तुझा आहे. आपल्या लहानपणी सिनेमातला बाप जिन्यावर उभा राहून "चालता हो" म्हणायचा आणि शेवटी छातीवर हात ठेवून दोन अश्रू ढाळले की त्याला सगळं माफ. आता तो डबा भरतो, वेण्या घालतो, आणि टाळ्या घेतो. चांगलं आहे की, असे बाप असावेत. पण बाप मोठा दिसायला आधी बाई मारावीच लागते का रे? आणि चोरायचंच होतं तर दुसऱ्या कुणाचं घर फोडायचंस.

आपला बाप तुला माहीत नाही असं नाही. तू दुसरीत होतास तेव्हा दुसरं घर केलं, तेही दोन गल्ल्या सोडून. आपण समोरून आलो की रस्ता ओलांडायचे. परवा इकडे आले होते. खालच्या औषधवाल्याने त्यांना खुर्ची दिली, आणि ते त्याला सांगत होते, "मुलीची वेणी घालणं सोपं नसतं हो." मी जिन्यात उभी राहून ऐकलं. वर येऊन आईला म्हणाले, "पोराने नाव काढलं माझं." आईने पाणी दिलं. ते गेल्यावर पेला धुतला आणि पुन्हा धुतला.

कार्डं परत पाठवतेय. आईला विचारलं होतं. म्हणाली, "फोटोतली बाई स्टेजवर कशी जाईल? माणसं घाबरतील." मी येणार नाही हे वेगळं सांगायला नको.

आता जे सांगायचं टाळतेय ते सांगते. ती वाक्यं मी आईला कधीच बोलले नव्हते. आपल्या घरात असलं कोण बोलतं? त्या बंद खोलीत ती पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाली. मला वाटलं, सिनेमातून का होईना, तिच्यापर्यंत पोचतील. थिएटरात माझा आवाज आला तसा आईने माझा हात घट्ट धरला. तिलाही वाटलं, तिच्याशीच बोलतेय मी. मग चित्र फिरलं आणि समोर तो माणूस दिसला. तिने हात सोडला नाही, सैल केला.

काल ती भाजी निवडत होती. मी शेजारी जाऊन बसले. म्हटलं, आई, ते मी तुझ्यासाठी बोलले होते, त्याने मला फसवलं. तिने पुढची जुडी सोडली. मग मी तेच पुन्हा म्हणायला लागले, "तुझ्या बोटांची खळ..."

"ऐकलंय गं मी," ती म्हणाली. "सगळ्यांबरोबर ऐकलं." आणि देठ बाजूला करत राहिली.

मला दुसरी वाक्यं सुचत नाहीत. तिला द्यायला माझ्याकडे तेवढंच होतं रे.

'तुझी' लिहायला हात होत नाही. नुसतीच,

ताई