दिवा बंद कर

चि. धाकट्यास थोरलीचा आशीर्वाद.

तू बरा असशीलच. गुडघा दुखत असेल तर जिना कमी चढ, तेल चोळत बसू नकोस. मी धडधाकट आहे, फक्त डावा कान अजून गुणगुणतो. फोनवर तू अर्धं ऐकून ठेवून देतोस, म्हणून लिहिते आहे. काना-मात्रा चुकली तर तूच दुरुस्त करून वाच, शाळेत तू जास्त गेलास.

तू मला पाठवलंस ते छकुलीला परत आणायला. तुझ्या जुन्या ऑफिसात जागा आहे, साहेबाशी बोलणं झालंय, पोरीने फक्त अर्जावर सही करायची आणि गिटारवाल्या टोळक्यामागे गावोगाव दिवे मिरवणं सोडायचं. (मिरवणं हा शब्द तुझा. तेव्हा मलाही पटला होता.) तू तिच्याशी बोलत नाहीस, म्हणून बाप-लेकीच्या मध्ये मी. पर्समध्ये अर्ज, डोक्यात भाषण, अशी मी दुपारी तिच्या कामावर जाऊन धडकले.

कामाची जागा म्हणजे विमान मावेल एवढी पत्र्याची शेड. वर लोखंडी सांगाडे साखळ्यांनी टांगलेले आणि त्यांना वटवाघळांसारखे दिवे लटकलेले. आत शिरते तर सगळीकडे धूर. कोणी पळेना, कोणी ओरडेना. आग लागलीय आणि या लोकांना पत्ता नाही, म्हणून मी मोठं दार सताड उघडलं आणि पर्सने वारा घालत सुटले. तो धूर त्यांनी सकाळपासून मशीन लावून भरला होता. धूर नसला तर दिव्याचा झोत दिसत नाही म्हणे. एका दाढीवाल्याने दार लावून पुन्हा मशीन सुरू केलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचं तापलेलं दूध सांडलं.

छकुलीने मला खुर्ची दिली. आत्या, इथून हलू नकोस. मी बसले, पण माणूस बसून बसून किती बसणार? मागच्या बाजूला एक खोली दिसली. दार उघडं, आत चिटपाखरू नाही आणि पंखे घरघरताहेत, कपाटाएवढ्या पेट्यांवर लाल-हिरवे दिवे लुकलुकताहेत. आता तूच सांग, आपल्या घरात वावरलेलं माणूस काय करेल? खोलीत कोणी नाही, दिवा बंद, हे वळण अख्ख्या घराला तू लावलंस. (न्हाणीघरात कोणी नाही असं समजून तू दिवा घालवलास तेव्हा आमचे हे आत दाढी करत होते. गालावरचा व्रण अजून आहे.) मी भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला.

धाकट्या, सगळं गेलं. दिवे, गिटार, धुराचं मशीन, सगळं. डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना, आणि दोन माणसं शिडीवर. त्या काळोखात तुझ्या पोरीचा आवाज आला, अगदी शांत. कोणी हलू नका, शिडीवरचे धरून राहा. माझी आत्या असेल.

मला वाटलं, आता खाऊ की गिळू करणार. ती बॅटरी घेऊन आली, खटका वर केला आणि हसायलाच लागली. म्हणाली, बाबांनी पाठवलं ना तुला? मी अर्जाचं काढणार, तेवढ्यात तिला हाक आली. मग हाकाच हाका. बाई, हा झोत कुठे? बाई, ही वायर? आधी ती नुसत्या वायरी गुंडाळायची, मग शिडीवर चढायला लागली, आणि आता कुठल्या गाण्याला कुठला दिवा, किती आणि कधी, हे तीच ठरवते. तिच्या दुप्पट उंचीचे दाढीवाले मुकाट ऐकतात. हातावर चटक्यांचे डाग आहेत. तुझ्या हातावर शाईचे असायचे, एवढाच फरक.

संध्याकाळी कार्यक्रम. कानात कापूस कोंबून तिच्या शेजारी बसले. गाण्यातलं मला मेलं काही कळलं नाही, पोटात कोणी कांडण कांडतंय असं वाटत होतं. म्हणून तिच्याकडे बघत राहिले. बाकीचे लोक म्हणे असतील तेवढे दिवे पेटवतात. ही कानाला लावलेल्या बोलायच्या यंत्रात सारखी पुटपुटत होती. ड्रमवाला थांबला, बंद कर. डाव्या कोपऱ्यात कोणी नाही, बंद कर. तो कशाला जळतोय, कोण बसलंय तिथे? मधूनमधून ते च्यक् करणंसुद्धा तुझंच. शेवटी गाणारा एकटा उरला, त्याच्यावर एक दिवा आणि बाकी हजारो माणसं काळोखात चिडीचूप. दाढीवाला माझ्या कानाशी ओरडला, असं विझवणं कोणाला जमत नाही, कुठे शिकली कोण जाणे. मी म्हटलं, घरी. त्याला ऐकू गेलं नाही.

तेव्हा ती काही नोकरीला येत नाही. मी विचारलंच नाही. झालं माझं काम.

तुझी थोरली

ता. क. अर्ज वाया गेला नाही. तिच्या टेबलाचा एक पाय हलत होता, चार घड्या करून त्याखाली घातला. बरोब्बर बसला.

आणखी ता. क. मुख्य राहिलंच. तुझी बायको मला बोलून गेली की छकुली गेल्यापासून तिच्या खोलीतला दिवा तू रात्रभर जळत ठेवतोस. तू. हे मी छकुलीला सांगणार नव्हते. सांगून झालंय. ती गुंडाळलेली वायर सोडून पुन्हा गुंडाळत बसली. मग म्हणाली, कुठला गं आत्या, वरचा की टेबलावरचा? मला काय माहीत. पण तिचा चेहरा बघून टेबलावरचा म्हणून ठोकून दिलं. बरं झालं, म्हणाली, वरचा फार भगभगीत आहे. रविवारी ती घरी येते आहे. तू वरचा लावत असशील तर त्याआधी बदल. आणि ती खोलीत गेली की मागोमाग जाऊन बंद करू नकोस. आत माणूस असेल.