कुंकवाचा थेंब

अंबरनाथ, मे १९८८
रविवार संध्याकाळ

आज अण्णांच्या शिडाच्या होडीची गळती सापडली. सापडली नसती तर बरं झालं असतं.

किती रविवार दादा आणि मी खाडीवर जाऊन डेकच्या फटींत कापूस ठोकतोय, वर राळ भरतोय. तरी वर पाणी ओतलं की थेंब पडायचा तो अण्णांच्या झोपायच्या फळीवरच. आज पाणी कुठून झिरपतं ते कळावं म्हणून दादाने डोलकाठीच्या बुडाशी कुंकू टाकलं आणि वर बादली ओतली. मी खाली फळीवर आडवा. लाल थेंब थेट कपाळावर पडला.

वर जाऊन बुडाशी बोट घातलं, तर डोलकाठीचंच नाही, भोवतालचं लाकूडही भुशासारखं हातात आलं. दादा म्हणाला, "संपलं रे. वखारवाल्याला बोलावू, फोडून नेईल." माझी बोटं कुंकवाने लाल झाली होती.

घरी अण्णा खाटेवर. त्यांनी माझा हात धरून बोटं बघितली. होडी पाण्यात लोटायच्या आधी आमच्यात कुंकू लावून पूजा करतात.

"पूजा करून आलात?"

मी हो म्हणालो. दादा भिंतीकडे बघत राहिला.

साबणाने दोनदा हात धुतला, नखांतलं लाल जात नाही. आत अण्णा आईला सांगताहेत, नारळ चांगला पाणीदार बघून आण, फोडायला मी स्वतः जाणार.