परीनं दिलेलं आवतन

२१ ऑगस्ट, गुरुवार
मामाच्या शेतावर खांदेमळणीला गेलो. उद्या पोळा. मामानं बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळली आणि एकेकाच्या कानात सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." आमची परी (माझी धाकटी बहीण, वय सहा, अक्कल त्याहून कमी) डोळे फाडून बघत होती. केजला परत येताना जीपमध्ये एकच पालुपद, "आपल्याकडं बैल कावून न्हाईत?" पप्पांचं दुकान झुली, गोंडे, कासऱ्यांचं, पण घरी एक बैल नाही.

घरी आल्यावर परीबाईसाहेबांनी लोण्याचा डबा पळवला. कुत्रा शेरू, मांजर चिंगी आणि ससा. सशाचं नाव साहेब, कारण दिवसभर बसून खातो. तिघांचे खांदे चोळले, कानाला लागून आवतन दिलं. पप्पांना हसून हसून ठसका लागला. आई लोण्यावरून चिडली.

२२, शुक्रवार, पोळा
सकाळीच अंबाजोगाईहून फोन. पप्पांचे थोरले चुलते गेले. सगळे मातीला गेलो. दुकान ऐन पोळ्याला बंद. परतलो तेव्हा दिवेलागण झालेली. पुरणाचा प्रश्नच नव्हता, खिचडी खाल्ली.
तिघं स्वैपाकघराच्या दारात ओळीनं बसलेले. शेरूला खेटून साहेब! एरवी शेरू दिसला की हा पलंगाखाली. फोटो काढायचा राहिला.

२४, रविवार
खात नाहीत. भाकरी, दूध, मेथी, कशालाच तोंड लावत नाहीत. ओळ पण सोडत नाहीत, दावणीला बांधल्यासारखे. पप्पा म्हणतात, लाड जास्त झाले. पण उपाशी जनावर वाळतं, हे तर वाढतायत. चिंगी सुपात झोपते नेहमी. आज निम्मी सुपाबाहेर.

२६, मंगळवार
तिघांच्या खांद्यावर वशिंड आलंय. बैलाला असतं तसंच. परीनं लोणी चोळलं होतं, बरोबर तिथं.
जनावरांचे डॉक्टर आले. शेरूला चाचपून म्हणाले, "चरबीची गाठ हाय, जाईल." मग साहेबाकडं नजर गेली. साहेब आता शेरूएवढा झालाय. डॉक्टरांनी बॅग उचलली, चहासुद्धा घेतला नाही.
शाळेत कुणाला सांगितलं नाही. कोण विश्वास ठेवणार.

२७, बुधवार
दुखवट्यामुळं यंदा गणपती नाही. दुपारी परीचा दात पडला. छपरावर टाकायला अंगणात गेली तर हातातून निसटला. साहेबानं खाल्ला.
पोळ्यापासून पहिल्यांदा त्यांच्यातल्या कुणी काही खाल्लं. कडाकडा चावून. आणि मग तिघांनी एकदम परीकडं बघितलं. मला भीती वाटली. लिहिताना पण वाटतेय.

२८, गुरुवार
आईनं मामीला फोन केला. मामी ओरडलीच. "लेकरानं दिलं तरी आवतन ते आवतनच. जेवल्याबिगर जात नसतेत ते. पुरण घाला अन् मोकळं करा!"
दुखवटा असून आईनं पुरण शिजवलं. तीन ताटं वाढली. त्यांनी वास घेतला, तोंडं फिरवली.
आईनं परीला मांडीवर घेतलं. "कानात आजून काय बोललीस गं?"
"आवतन दिलं. मग त्यांनी इचारलं, जेवायला काय हाय? मी म्हनले, तुमाला आवडंल ते."
"त्यांनी इचारलं?"
"हां. साहेब लई हळू बोलतो."
आईनं ताटं उचलली.

३०, शनिवार
काल पप्पांनी टेम्पो करून तिघांना मांजरसुंब्याच्या घाटात सोडलं. परी रडून रडून झोपली.
आज भर दुपारी ते परत आले. मेन रोडवरून, ओळीनं. रसवंतीवाल्यानं शटर खाली ओढलं. शेरूच्या पायांचा खुरांसारखा आवाज येत होता. परी टाळ्या वाजवत दाराकडं पळाली, मी मागून धरेपर्यंत चिंगीनं तिची रिबन ओढून नेली, केसांसकट. डोक्यातून रक्त आलं. चिंगीनं केस गिळले, रिबन थुंकली.
परी मलाच म्हणते, "रागावू नको ना ताई, भूक लागलीय तिला."
आई कपिलधारला नवस बोलली.

३१, रविवार
परीला मामाकडं पाठवायचं ठरलं होतं. जीप दाराशी आली. तिघंही उठून जीपच्या मागं उभे राहिले. ड्रायव्हर म्हणाला, "न्हाई बा, मला लेकरंबाळं हायेत." गेला.

१ सप्टेंबर, सोमवार
पुरण त्यांना नको असं नाही, त्याचं आवतनच नव्हतं, असं मला वाटतं. परीचं आवतन मोघम होतं. मग आपण नवं द्यावं, आणि काय वाढणार ते आधीच सांगावं. आई नको म्हणाली. मी ऐकलं नाही.
लोणी-हळद घेतली. खांदे चोळले. वशिंड गरम लागतं. एकेकाच्या कानात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. पुरणपोळी आणि दूध. दुसरं काही नाही." शेरूनं कान हलवला. चिंगीनं डोळे मिटले. साहेबाचा कान माझ्या हाताएवढा लांब झालाय. आत बोलले तर आवाज आडात पडल्यासारखा खोल गेला. तो हललाच नाही.
मला कुणी काही विचारलं नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार
जेवले! शेरू जेवला, चिंगी जेवली. ताटं चाटून साफ. संध्याकाळपर्यंत वशिंडं बसली. शेरूनं शेपटी हलवली तेव्हा आई त्याच्या गळ्यात पडून रडली. मी पण.
साहेबाचं ताट तसंच. सकाळपासून साहेब ओळीत नाही. पप्पा काठी घेऊन शोधत होते. परसात बीळ सापडलं, माणूस वाकून आत जाईल एवढं. तेवढ्यात परी तिकडूनच आली, हसत. खांद्यावर फ्रॉक ओला, चिकट.
"हे काय गं?" आईनं विचारलं.
"साहेबानं चाटलं. खांदा चोळला माझा."
"कावून?"
"आवतन दिलं. उद्या त्याच्या घरी जेवायला बोलावलंय मला."
माझ्या तोंडून निघून गेलं, "जेवायला काय हाय, इचारलंस का?"
"न्हाई. ते इचारायचं राहिलं."

पप्पा बिळात दगड टाकतायत. आतून माती वर येतेय. आईनं परीला घट्ट धरून ठेवलंय, सोडतच नाही. आणि परी मला विचारतीय, ताई, उद्या कोणता फ्रॉक घालू.